इंजिन बांधावं का बदलावं? लातूरच्या एका गॅरेजात घातलेला महिना

स्टार द्यायचेच म्हणलं तर पाचातले चार. एक तारखेपायी कापलाय, ते पुढं येईलच. गॅरेजचं नाव लिहीत नाही, एकतर बोर्डावरचं नाव उन्हानं पार उडून गेलंय आन दुसरं म्हणजे उस्तादनीच, म्हणजे तिथल्या मिस्त्रीनीच, सांगितलं की लिहायचं ते लिही बाबा पण नाव नको, आहे तेवढंच काम उरकंना. लातूरच्या एमआयडीसीच्या अंगाला ज्यांच्या गाड्या उभ्या असतात त्यांना दोन ओळीत कळंल कोण ते.

गाडी आमची टाटा १६१३, सहा चाकी, २००९ चं मॉडेल, कमिन्सचं सिक्स बीटी इंजिन. १६१३ म्हणजे सोळा टन आन एकशेतीस हॉर्सपॉवर, टाटाच्या नंबरातच सगळं लिहिलेलं असतं. अण्णांनी २०१४ ला सेकंडहँड घेतली. किलोमीटर किती झाले ते देवाला ठाऊक, मीटरची केबल आम्ही घेतली तवाच तुटलेली होती. डाळ, सोयाबीन, सिमेंट, हंगामात ऊस, जे मिळंल ते भरायचं. चासी सरळ आहे, बॉडी तीन वर्षांमागं नवीन बांधली, गिअरबॉक्स, हौसिंग ठणठणीत. म्हणून तर एवढा विचार करत बसलो, नाहीतर केव्हाच विकून मोकळा झालो असतो.

सुरुवात ऑइलपासून झाली. लातूरहून डाळ घेऊन हैदराबादला जाऊन येईस्तोवर तीन लिटर ऑइल टाकावं लागायचं, म्हणजे जवळपास दोनशे किलोमीटरला एक लिटर. आमचे ड्रायव्हर मामा ऑइलचा डबा पाण्याच्या जारावानी पायाशीच ठेवायचे. लोडवर साडेचारचं ॲव्हरेज देणारी गाडी ३.६ वर आली. एका रात्री वही घेऊन बसलो, महिन्याला ३,००० किलोमीटर धरले तर साडेचारला ६६७ लिटर डिझेल लागतं आन ३.६ ला ८३३, म्हणजे १६६ लिटरचा फरक, महिन्याला पंधरा हजार नुसते धुरात चाललेत आन वरून ऑइलचे तीन-चार हजार वेगळेच. अण्णांना वही दाखवली तर म्हणले, "मंग एवढे दिवस काय बघूलालास?"

पण गाडी गॅरेजला लावायचं ठरलं ते तुळजापूरच्या घाटानं. सोलापूरहून सिमेंट भरून येताना अर्ध्या घाटात काटा लाल रेघेला जाऊन टेकला, मामांनी कडेला घेतली, तासभर थंड होऊ दिली, मंग पाणी टाकलं, परत चढवली, परत गरम. वर पोचेस्तोवर चार वेळा थांबले. दर्शनाला चाललेले लोक गाड्या थांबवून बाटल्या देऊ लागले म्हणे. मामांनी मला फोनवर एवढंच सांगितलं, "मालक, आता आईचंच नाव घेऊन आणलालोय, पुढच्या खेपेला मी नाही."

आता टपरीवर बसलं की तीन माणसाची चार मतं. कोण म्हणतंय हाफ इंजिन कर, रिंगा टाक आन चालव. कोण म्हणतंय भंगारातलं रनिंग इंजिन उचल, दोन दिवसात गाडी रोडवर. मेव्हणे म्हणले कंपनीचं रिकंडिशन घे, डोक्याला ताप नाही. आन एकजण तर गाडीच वीक म्हणला, आठ वर्षांपुढच्या गाडीला दरसाल पासिंग, पर्यावरण कर, कशाला सांभाळतोस. सगळे आपापल्या जागी बरोबर होते. फक्त आमच्या इंजिनाच्या आत काय झालंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं आन मलाबी नव्हतं.

उस्तादकडं गेलो तवा मी आधीच रेट विचारला. बांधायला किती, बदलायला किती. त्यांनी उत्तरच दिलं नाही. पोऱ्याला म्हणले स्टार्ट मार, गरम होऊ दे. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवली, मंग ऑइल टाकायच्या तोंडाचं झाकण काढलं आन उलटं करून तोंडावर नुसतं ठेवून दिलं. झाकण दोन सेकंद नाचलं आन टणकन खाली पडलं. "देखे?" बस, एवढंच. रिंगांच्या बाजूनं गॅस खाली चेंबरमधी उतरतोय, तोच झाकण उडवतोय. मंग पाना घेऊन एकेका नोझलचा पाईप ढिला केला. चांगल्या सिलिंडरचा पाईप ढिला केला की इंजिन लगेच अडखळतं, आवाज बदलतो. एक, दोन, तीन, चार, सगळ्यांना अडखळलं. पाचचा ढिला केला तर इंजिनाला पत्ताच नाही, जसं चालत होतं तसंच. सहाला थोडं. म्हणजे मागचे दोन सिलिंडर नुसते सोबतीला होते, ओढायला चारच.

मी परत विचारलं, मंग बांधायचं का बदलायचं? तर म्हणले, "खोले बगैर मैं कुछ नक्को बोलूं. पह्यले नाप, फिर बात." मला तवा राग आला खरं सांगतो, कारण खोललं की गाडी अडकली, मंग हे म्हणतील तो रेट. म्हणून मी चार दिवस मागितले आन भंगारातलं इंजिन बघायला गेलो.

शहराचं नाव लिहीत नाही, मोठा बाजार आहे, इंजिनांच्या रांगाच्या रांगा. आमच्यासारखं सिक्स बीटी लाकडाच्या फळ्यांवर ठेवलेलं, वरून ताजा कलर मारलेला, एवढा की नटबोल्ट तर सोडाच गॅस्केटच्या कडेवरबी कलर. १,१०,००० सांगितले, लाखाला देतो म्हणला. चालू करून दाखवतो म्हणला आन बॅटरी जोडायला गेला तेवढ्यात मी ब्लॉकला हात लावला तर कोमट. म्हणजे आम्ही यायच्या आधी गरम करून ठेवलेलं. गरम इंजिन कुणाचंबी पटकन उचलतं, थंड इंजिन सकाळी कसं स्टार्ट होतं आन पहिला धूर कोणत्या रंगाचा येतो त्यात खरं कळतं. निळा असला तर ऑइल जळतंय, काळा असला तर डिझेल जास्त पडतंय नाहीतर हवा कमी पडलीय, पांढरा टिकून राहिला तर डिझेल न जळता चाललंय नाहीतर पाणी आत जातंय. मी ते उस्तादचं झाकण करून बघितलं. नाचलं. आमच्यापेक्षा कमी, पण नाचलं.

आन इंजिन नंबर जिथं असतो तिथली जागा घासलेली दिसली. कागद विचारले तर म्हणे गाडी कटिंगला गेली, आता कागद कशाचे. इथंच मी परत फिरलो. लोक ह्या गोष्टीला हसण्यावारी नेतात पण इंजिन नंबर आरसी बुकावर असतो, दुसरं इंजिन टाकायचं तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं आरटीओची परवानगी लागते आन बदलल्यापासून १४ दिवसांत आरसी घेऊन कळवावं लागतं. फायनान्स असला तर त्यांनाबी विचारावं लागतं. पासिंगला नंबर जुळला नाही, नाहीतर उद्या ॲक्सिडेंट झाला आन इन्शुरन्सवाल्यानं नंबर बघितला, तर मंग लाखाचं इंजिन किती लाखाला पडलं ते मोजत बसा. आन समजा ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर? बिल, ज्या गाडीचं काढलं तिच्या आरसीची झेरॉक्स, एवढं मिळत असंल तरच भंगाराच्या बाजारात हात घाला.

रिकंडिशनची पण चौकशी केली. टाटाचं प्रोलाइफ म्हणून आहे, जुनं इंजिन देऊन कंपनीनं तयार केलेलं घ्यायचं, वॉरंटी मिळते. वाईट नाही, ज्याच्या पाच-दहा गाड्या आहेत आन एक दिवस गाडी उभी राहिली तर पार्टी तुटते त्याला तेच परवडंल. आमच्या खिशाला बसत नव्हतं, बांधायच्या खर्चाच्या दीडपटीच्या वर जात होतं. आन सतरा वर्षांकडं चाललेल्या गाडीत तेवढं घातलं तर विकताना कोण परत देतंय?

तर पोळ्याला गाडी खोलली. मुद्दाम तवा, कारण पावसाळ्यात तशीबी भाडी कमी, सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आत गाडी तयार पाहिजे, मंग लगेच कारखाने चालू. उस्ताद म्हणले पंधरा दिवस. हे वाक्य लक्षात ठेवा.

हेड उचललं, ऑइल पॅन सोडलं, पिस्टन बाहेर आले. पाच नंबरच्या पिस्टनची एक रिंग तुटलेली, बोअरला, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो त्या गोल भोकाला, उभ्या रेघा, नख फिरवलं तर अडकायचं. उस्तादनी पिस्टन हातात घेतला, माथ्यावरचा कार्बन पत्तीनं खरवडला, चष्मा वर केला, उजेडाला धरला आन माझ्या हातात दिला. वर बारक्या अक्षरात ०.५० लिहिलेलं. म्हणजे आमच्या आधीच्या मालकानं एकदा बोअर मारून घेतलेलं होतं आन विकताना कंपनी इंजिन, कंपनी इंजिन म्हणून अण्णांकडून पैसे घेतले होते. अण्णा तिथंच उभे होते. काही बोलले नाहीत, तंबाखू मळत राहिले.

आता हे का महत्त्वाचं ते सांगतो, कारण हे मलाबी त्या दिवशी कळलं. ह्या सिक्स बीटीला लायनर, म्हणजे बोअरमधी बसवायची बदलता येणारी नळी, नसतो. पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमधीच चालतो. नवीन असताना बोअर १०२ मिलिमीटर. घासला की मशीनवर मोठा करायचा आन मोठा पिस्टन टाकायचा, पहिल्यांदा अर्धा मिलिमीटर, दुसऱ्यांदा एक मिलिमीटर. त्याच्यापुढं स्लीव्ह, म्हणजे आतून नळी, मारावा लागतो. म्हणजे ह्या ब्लॉकचे जन्म मोजलेले आहेत आन आमचा एक आधीच वापरून झालेला. लायनरवाल्या इंजिनाला हिशोब वेगळा, लायनर बदलला की बोअर परत स्टँडर्ड, तिथं बांधायचं का बदलायचं हा प्रश्नच एवढा अवघड नसतो. म्हणून टपरीवर कुणी म्हणलं की माझं इंजिन एवढ्यात झालं, तर आधी विचारा कोणतं इंजिन.

बोअर गेज घेऊन उस्तादनी सहाबी सिलिंडर मापले, वर, मधी, खाली, आन आडवं-उभं दोन्हीकडून. आकडे खडूनं भिंतीवर लिहिले. पाच नंबर वरच्या अंगाला १०२.७३ आला, खाली १०२.५४. म्हणजे वरून भोंगा झालेला, गोल राहिलेला नाही. बाकीचे बरे होते पण हद्दीबाहेरच. ह्या मापावर नुसत्या रिंगा टाकून हाफ इंजिन केलं असतं तर महिन्या-दोन महिन्यात परत तेच, भोंग्यात नवी रिंग टाकून काय होतंय. पण एक मिलिमीटर ओव्हरसाइजला सहाच्या सहा साफ निघतील एवढं मटेरियल होतं. ब्लॉक मशीन शॉपला पाठवून पाण्याचं प्रेशर देऊन बघितला, क्रॅक नाही. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेरिंगात फिरणारे गोल भाग, मापले, मेन ८३ ला आन कनेक्टिंग ६९ ला, मेन चांगले, कनेक्टिंगचे दोन जर्नल खाल्लेले, पाव मिलिमीटर ग्राइंडिंगमधी निघून जातील. बेरिंगच्या शेलवर वरचा थर जाऊन आतलं तांबं दिसू लागलेलं.

मंग कुठं उस्ताद बोलले. "ब्लॉक अच्छा, क्रँक अच्छा. बदलनेका नक्को." एक मिलिमीटरवर बांधू, स्लीव्हचा जन्म पुढच्यासाठी राखून ठेवू. ब्लॉक फुटलेला असता किंवा क्रँक गेला असता तर मीच तुला दुसरं इंजिन बघायला पाठवलं असतं, असंबी म्हणले. मला हे आवडलं. रेट सांगायच्या आधी माप सांगणारा मिस्त्री मी तरी पहिल्यांदाच बघितला.

पण इंजिन बसलं कशानं ह्याच्यावर ते जास्त बोलले, आन तिथं माझीच लाज निघाली. वॉटर जॅकेटमधी, म्हणजे सिलिंडरभोवती पाणी फिरतं त्या जागेत, स्क्रू ड्रायव्हर घातला तर पांढरी खपली बाहेर, चुन्यावानी, बोटाएवढा थर. आमच्याकडचं जमिनीतल्या बोअरचं पाणी किती जड ते सांगायला नको, भांड्यावर जे बसतंय तेच इंजिनातबी बसतंय. कूलंट आम्ही कधी टाकलाच नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं त्या उन्हाळ्यात तर टँकरचं, बोअरचं, जे मिळंल ते रेडिएटरमधी ओतलं, प्यायला नव्हतं तर गाडीला कुठलं फिल्टरचं. ती खपली मागच्या सिलिंडरभोवती जास्त, म्हणून पाच-सहा आधी गेले. वरून कुणीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व, काढून टाकलेला. गाडी गरम होती म्हणून थर्मोस्टॅट काढायचा हा आपल्याकडं सरसकट इलाज आहे, पण ह्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडला की तोच बायपासची वाट बंद करतो, तो काढला की बरंच पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरत राहतं. म्हणजे आम्ही गरम होऊ नये म्हणून जे केलं त्यानंच घाटात गरम होत होती. मी काही बोललो नाही, काढला कुणी ते मलाच पक्कं आठवत होतं.

काम कसं केलं ते थोडं सांगतो कारण स्टार त्याचेच आहेत. बोअर आन होनिंग होऊन ब्लॉक परत आला तवा बोअरच्या आत बारक्या तिरप्या रेघा होत्या, एकमेकीला छेदणाऱ्या, त्यात ऑइल टिकतं. मी समजलो आता पिस्टन टाकतील. तर उस्तादनी पोऱ्याला बादलीभर गरम पाणी आन कपडे धुवायचा सोडा दिला आन बोअर धुवायला लावले. ब्रशनं, घासून घासून, एकदा, दोनदा, तीनदा. मंग खिशातला पांढरा रुमाल काढला, बोअरमधी फिरवला, रुमालावर करडा डाग. "फिर से." पाचव्यांदा रुमाल पांढरा निघाला तवा ऑइलचा हात फिरवला. होनिंगची बारीक पूड आत राहिली तर नव्या रिंगा पहिल्याच महिन्यात खाऊन टाकती म्हणे. पोऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

प्रत्येक रिंग आधी नुसती बोअरमधी बसवून गॅप फिलरनं बघितला. व्हॉल्व सेटिंग थंड इंजिनवर, इनटेक पाव मिलिमीटर, एक्झॉस्ट अर्धा. हेडला सीट, गाईड नवीन, सरफेस मारला. टर्बोच्या शाफ्टला खेळ होता म्हणून कोअर बदलली. आन एक गोष्ट मला माहीत नव्हती, ह्या इंजिनाच्या टायमिंग केसमधी एक बारकी डॉवेल पिन असते, ती हादऱ्यानं सरकत सरकत बाहेर येऊन गिअरमधी पडली तर इंजिनाचं काम तमाम. सिक्स बीटीचा जुना आजार आहे. उस्तादनी तिच्या तोंडावर बोल्टाखाली पत्ती आडवी लावून टाकली, त्याचे पैसेबी धरले नाहीत. रेडिएटर खोलून सळई मारून घेतला, थर्मोस्टॅट नवीन, आन कूलंट अर्धा, आरओचं पाणी अर्धं. कॅनवर त्यांनीच मार्करनं लिहून दिलं, बोअरचं पाणी बंद.

आता तारीख. पंधरा दिवस म्हणले होते, गाडी सुरू झाली घटस्थापनेला. पोळा ते घटस्थापना, मोजा तुम्ही, अमावस्या ते अमावस्या अख्खा महिना. बोअरवाला कारागीर गौरी-गणपतीला गावाकडं गेला तो आठ दिवस आला नाही. पिस्टनचा सेट आला त्यात पाच एक मिलिमीटरचे आन एक अर्ध्याचा, तो परत पाठवण्यात चार दिवस. डिझेल पंप कॅलिब्रेशनला दिला तिथं आधीच रांग. हे सगळं मी समजून घेतलं असतं, पण फोन केला की "आज होतंय", गेलं की उस्ताद दुसऱ्याच गाडीखाली. सांगायचं ना सरळ की पंचवीस दिवस लागतील, मी मामांना दुसऱ्या गाडीवर लावलं असतं, घरी बसवून पगार दिला तो वाचला असता. महिना लागला ह्याचं दुःख नाही, रोज उद्यावर ढकललं त्याचं आहे. एक स्टार त्याच्यासाठी.

दुसरी तक्रार बिलाची. बिलच नाही. तंबाखूच्या डब्यात चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर आकडे, काही उर्दूत. सुरुवातीला सव्वा लाख म्हणले होते, झाले १,६१,५००. ते वाढले कशानं ते मला पटलं, पंप आन नोझल २८,००० ला गेले, क्लच प्लेट आन प्रेशर प्लेट १४,००० ची, हे दोन्ही आधी धरलेलंच नव्हतं, पण गिअरबॉक्स खाली आहे तवाच क्लच टाकावा ह्यात शहाणपण होतं. पिस्टन रिंगा २७,०००, उस्तादची मजुरी २५,०००, ती मला कमीच वाटली. पण पटलं ते मी रोज तिथं उभा होतो म्हणून. बाहेरगावाहून गाडी लावून जाणाऱ्याला ह्या चिठ्ठ्या कशा पटतील? आपली वही न्या आन रोजचं रोज लिहून घ्या.

आन हो, हिशोब करताना हेबी धरा की पंप, नोझल, क्लच, रेडिएटर हे इंजिन बदललं असतं तरी बघावंच लागलं असतं. लोक लाखाच्या भंगार इंजिनाची तुलना दीड लाखाच्या बांधणीशी करतात, ती तशी होत नाही. लाखाचं इंजिन आणायला गाडीभाडं, चढवायला-उतरवायला क्रेन, पंप तपासणी, कागदपत्रं, आन आत काय आहे ते तरीबी झाकलेलंच.

सुरू झाली त्या दिवशी उस्तादनी बजावलं, पहिले हजार किलोमीटर अर्धा लोड, उभी करून उगं रेस नाही, आयडलवर तासतास ठेवायची नाही, आन हजारला ऑइल-फिल्टर बदलायला इथंच यायचं. गेलो. त्यांनी जुना फिल्टर करवतीनं कापला, आतला कागद उलगडून उन्हात धरला. थोडी चमक होती, नवीन इंजिनाला एवढी असती म्हणले. पण तवाच मी दाखवलं की बेल हौसिंगच्या खाली ऑइलचा थेंब पडतोय. उस्तादनी गाडीखाली जाऊन बघितलं, बाहेर आले आन पोऱ्याकडं असं बघितलं की पोऱ्या चहा आणायला निघूनच गेला. क्रँकचं मागचं सील. ते कोरडं बसवायचं असतं, पोऱ्यानं सवयीनं ऑइल लावून बसवलं होतं. परत गिअरबॉक्स खाली, दोन दिवस गेले, मजुरी एक रुपया घेतली नाही, सीलचे पैसे मात्र घेतले. चूक झाली तर चूक झाली म्हणले, हेबी लिहिलं पाहिजे, कारण गिऱ्हाइकाच्या ड्रायव्हरवर ढकलणारे मिस्त्री आपण सगळ्यांनी बघितलेत.

आता आठ महिने झाले, अख्खा उसाचा हंगाम काढला. ॲव्हरेज लोडवर ४.४ बसतंय, पहिल्यासारखं साडेचार नाही पण आपल्या रस्त्यांना ह्याच्यावर मी मागतबी नाही. एका ऑइल चेंजपासून दुसऱ्यापर्यंत अर्धा लिटर घालावं लागतं, बस. मागच्या महिन्यात सोलापूरहून सिमेंट घेऊन तुळजापूरचा घाट एका दमात चढली, मामांनी वर पोचल्यावर फोन केला आन नुसतं "चढली" म्हणले. केबिनमधला ऑइलचा डबा अजून आहे, त्यात आता मामा शेंगा ठेवतात.

बदलायचं कधी, तर माझ्यासमोर त्याच गॅरेजात एक गाडी आली होती, कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच्या बाहेर आलेला, हात जाईल एवढं भगदाड. मालक विचारत होता वेल्डिंग होतंय का. त्याला उस्तादनी मापायचं नावबी काढलं नाही, सरळ दुसरं इंजिन बघ म्हणले, कागदासहित बघ, आणायच्या आधी मला दाखव. बीएस फोर (धुराच्या प्रदूषणाचा नियम) आन त्याच्या पुढच्या गाड्या, ज्यांना सेन्सर आन ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर आहे, त्यांचं काम ते घेतच नाहीत, तोंडावर नाही म्हणतात. तशी गाडी असंल तर इथं जाऊ नका, त्या गाड्यांचा स्कॅनर ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं जा.

जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत जा, नंतर उस्ताद कुणाच्यातरी गाडीखाली असतात आन बाहेर येत नाहीत. शुक्रवारी दुपारी बंद. ऑनलाइन पैसे पोऱ्याच्या मोबाईलवर घेतात, पण ॲडव्हान्स रोखच मागतात. बसायला एक जुनं सीट आहे, जेवायचं बघून जा, जवळ फक्त चहा मिळतो. आन तारीख सांगतील तिला सरळ दुप्पट धरा.